विकतची चॅसी, घरची बॉडी

महामार्गालगत ट्रकच्या बॉड्या बांधणारे गॅरेजवाले जे करतात तेच इथे मॉडेल रेल्वेच्या इंजिनासाठी करायचं आहे, फक्त ८७ पटींनी लहान. चॅसी कारखान्यातून येते, इंजिन-गिअर-चाकं सगळं जोडून. बॉडी बांधणारा ती दारात उभी करतो, टेप लावतो आणि मगच लाकडाला करवत लावतो. मॉडेल रेल्वेच्या हौसेत हा क्रम हमखास उलटा होतो. आधी बॉडी होते, तिला रंग लागतो, नंबर पडतो, आणि मग तिच्या पोटात मावणारी चॅसी शोधायला सुरुवात होते. ती मिळत नाही. मिळाली तर तिची मोटर केबिनच्या खिडकीतून डोकावते.

म्हणून चॅसी आधी हातात घ्यायची, मोजायची, चालवून बघायची. ड्रॉइंग त्यानंतर.

शब्दाचा एक घोळ आधीच मिटवू. आपल्याकडे बोलताना 'बोगी' म्हणजे डबा. या लेखात बोगी म्हणजे डब्याखाली किंवा इंजिनाखाली फिरणारी, दोन किंवा तीन ॲक्सलची चौकट. परदेशी दुकानाच्या यादीत 'पॉवर बोगी' दिसली तर तो मोटर बसवलेला डबा नसून मोटर बसवलेली चौकट असते. डबा समजून पैसे पाठवणारे कमी नाहीत.

गेजचा हिशेब

बाजारात सर्वात जास्त मिळतात त्या एचओच्या चॅसी: प्रमाण १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. हे अंतर १४३५ मिमीच्या परदेशी गेजसाठी आहे. आपलं ब्रॉड गेज १६७६ मिमी. ते ८७ ने भागलं की १९.२६ येतं. म्हणजे भारतीय इंजिन १:८७ मध्ये बांधून १६.५ च्या रुळावर ठेवलं की ते समोरून पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पायांवर उभं दिसतं. बाजूने काहीच कळत नाही.

यावर उपाय दोन. एक, १९.२६ मिमीचे रूळ स्वतः घालायचे, चाकं लांब ॲक्सलवर चढवायची आणि गिअर बॉक्स रुंद करायचे. मग तयार चॅसीचा उपयोगच उरत नाही. दुसरा, अरुंदपणा मान्य करायचा आणि बफर बीमखाली (टोकाच्या, बफर लागतात त्या आडव्या पट्टीखाली) पाइप, केबल आणि गुरं हटवायची जाळी नीट घालून नजर तिथे अडकवायची. तयार चॅसीवर काम करायचं ठरवलं असेल तर दुसराच मार्ग घ्या. बॉडी १:१०० ला आणून गेज जुळवण्याची युक्तीही सांगितली जाते (१६७६ ला १६.५ ने भागलं की १०१.६ येतात), पण मग विकतचे डबे, माणसं, सिग्नल सगळे शेजारी राक्षसासारखे दिसतात.

कोणतं इंजिन, कोणती चॅसी

उदाहरणाला डब्ल्यूडीएम-२ घेऊ. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेलं, अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या डिझाइनचं सहा ॲक्सलचं डिझेल. बफरसकट लांबी १७,१२० मिमी, नव्या चाकाचा व्यास १०९२ मिमी. ८७ ने भागा: लांबी १९६.८ मिमी, चाक १२.५५ मिमी.

सहा ॲक्सलची अमेरिकन चॅसी म्हटलं की बहुतेकांना पहिली सापडते एसडी-४०-२ या डिझेलची. ती स्वस्त आहे, दणकट आहे, जुनी सहज मिळते. पण गणित करून बघा. खऱ्या एसडी-४०-२ मध्ये दोन बोग्यांच्या मध्यबिंदूंत ४३ फूट ६ इंच अंतर आहे, म्हणजे एचओमध्ये १५२.४ मिमी. आपली बॉडी १९६.८. वजा करून निम्मं केलं की प्रत्येक टोकाला २२.२ मिमी उरतात. आता त्या बोगीचा पहिल्या ते शेवटच्या ॲक्सलचा पल्ला १३ फूट ७ इंच, एचओमध्ये ४७.६, त्याचा अर्धा २३.८ मिमी. म्हणजे सर्वात बाहेरचा ॲक्सल बफरच्या टोकाच्याही दीड मिलिमीटर पुढे येतो. चाक इंजिनाच्या बाहेर! हा हिशेब पाच मिनिटांचा आहे आणि पार्सल मागवण्याआधी करायचा आहे.

डब्ल्यूडीएम-२ च्या जवळची अमेरिकन भावंडं अल्कोचीच आहेत. आरएसडी-४ आणि आरएसडी-५ यांची लांबी ५६ फुटांच्या आसपास, म्हणजे सुमारे १७ मीटर, आणि बोगीही अल्कोच्या 'ट्रायमाउंट' जातीची, जिच्यात तीन ॲक्सलमधली दोन अंतरं सारखी नसतात. भारतीय अल्कोची ओळख तीच आहे: मधलं चाक एका बाजूला सरकलेलं. ॲटलास कंपनीची एचओमधली आरएसडी-४/५ जुन्या मालात मिळाली तर कापाकापी जवळजवळ टळते. तिची चाकं ४० इंची, म्हणजे १०१६ मिमी, मॉडेलमध्ये ११.७. नव्या डब्ल्यूडीएम-२ च्या चाकापेक्षा जेमतेम ०.९ मिमी लहान. आणि गंमत अशी की खऱ्या इंजिनाचं चाक घासत घासत १०१६ वर आलं की बाद करतात. तेव्हा तुमचं मॉडेल चुकीचं नाही, शेडमध्ये चाकं बदलायला निघालेलं आहे असं म्हणा!

हुबळी शेडच्या डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या डिझेलवर जीव असेल तर अल्कोच्या चॅसीकडे बघूही नका. ते ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं डिझाइन आहे, बोगीची ठेवण पूर्ण वेगळी. तिथे ईएमडीच्याच सहा ॲक्सलच्या चॅसी तपासा.

खऱ्या इंजिनाची मापं

छापील डायग्राम मिळाला तर उत्तम. नसेल तर फोटोवरून मापं काढता येतात. फोटो बरोबर काटकोनात हवा, आणि शक्य तितक्या लांबून झूम लावून. जवळून मोबाइलने काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो आणि टोकं आक्रसतात. प्लॅटफॉर्मवर उभं राहून समोरच्या मार्गावरचं इंजिन टिपावं, रुळात उतरू नये. फोटोतली बफर ते बफर लांबी मोजायची, ती १७,१२० धरायची आणि बाकी सगळं त्या प्रमाणात काढायचं. चाकाला मोजपट्टी मानू नका, कारण वर सांगितल्याप्रमाणे १०१६ ते १०९२ मधलं ते काहीही असू शकतं.

काढायची मापं: बोगी मध्य ते बोगी मध्य, प्रत्येक बोगीतली दोन्ही ॲक्सल अंतरं, रुळाच्या माथ्यापासून फ्रेमच्या खालच्या कडेची उंची, हूडची (इंजिन झाकणाऱ्या लांब पेटीची) रुंदी, कॅबची (चालकाच्या खोलीची) लांबी. तेवढीच मापं चॅसीवर डिजिटल व्हर्निअरने घ्या आणि दोन रांगांत शेजारी लिहा. चाकाचा व्यास रुळावर टेकणाऱ्या भागावर मोजायचा, फ्लँजवर (रुळाच्या आत राहणाऱ्या उंच कडेवर) नाही. फ्लँजवर मोजलं की दीड-दोन मिमी जास्त येतात आणि पुढचं सगळं चुकतं.

फरक किती चालतो याचा अंदाज असा ठेवा. बोगी मध्यात ३ मिमीपर्यंत फरक बोगीच्या बाजूच्या कास्टिंगमध्ये मुरवता येतो. एका ॲक्सलमागे १ मिमी कुणाला कळत नाही. चाकाच्या व्यासात १ मिमी चालतो, दीड दिसतो. फ्रेमच्या उंचीत मात्र अर्धा मिमीसुद्धा खपत नाही, कारण शेजारच्या डब्याशी तुलना लगेच होते.

आधी उघडी पळवा

चॅसी आली की बॉडी काढून बाजूला ठेवा आणि १२ व्होल्ट डीसीवर नुसती चालवा. निम्म्या वेगाने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे. मल्टिमीटर मोटरच्या एका तारेत घालून करंट बघा. चांगली बंद आवरणाची मोटर मोकळी चालताना ०.१ ते ०.२ अँपिअर घेते. ०.४ च्या वर जात असेल तर कुठेतरी अडकतंय: वाळलेलं ग्रीस, ॲक्सलला गुंडाळलेले सतरंजीचे धागे, किंवा गिअरला पडलेली चीर. प्लॅस्टिकचा गिअर ॲक्सलवर ताणून बसवलेला असतो, वर्षांनी तो दाताच्या मुळाशी तडकतो. लक्षण ठरलेलं: प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक्'. तो गिअर गोंदाने चिकटवून उपयोग नाही, बदलायचाच.

जुनं ग्रीस पेट्रोलने धुवू नका, काही प्लॅस्टिक त्यात विरघळतं. साबणाचं कोमट पाणी आणि जुना दातांचा ब्रश, मोटर बाहेर काढून. नंतर प्लॅस्टिकला चालेल असं पांढरं ग्रीस, टाचणीच्या टोकाने. बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल चालतं, पण एकच थेंब. जास्त झालेलं तेल कम्युटेटरवर (मोटरच्या आत ब्रश घासतात त्या तांब्याच्या कड्यावर) चढतं, तिथे कार्बनच्या भुकटीत मिसळून काळं लोणी होतं आणि मोटर गरम होऊ लागते. खोबरेल तेल तर अजिबात नको. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ते बाटलीतच गोठलेलं असतं, गिअरमध्ये काय वेगळं होणार.

चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर एचओला १४.४ ते १४.५ मिमी हवं. कमी असेल तर गाडी क्रॉसिंगवर चढते, जास्त असेल तर टर्नआउटमध्ये (रूळ बदलायच्या सांध्यात) घट्ट होते. एकच चाक ॲक्सलवर सरकलेलं असेल तर हळूच पिळत मागे आणा. हातोडी नाही.

चॅसी कापावी लागली तर

आरएसडी मिळाली नाही आणि लांब चॅसी छोटी करायची ठरली, तर आधी एक बघा: चॅसी अखंड धातूची आहे की उभी दोन भागांत चिरलेली. एन गेजच्या (१:१६० प्रमाण, ९ मिमी रूळ) बहुतेक चॅसी चिरलेल्या असतात. डावा अर्धा एका रुळाचा करंट नेतो, उजवा दुसऱ्याचा, मध्ये प्लॅस्टिकचे वॉशर. अशी चॅसी कापून पितळी पट्टीने जोडली की दोन्ही अर्धे एक होतात आणि कंट्रोलर चालू करताच शॉर्ट. तिथे जोडपट्टी फायबरग्लासच्या सर्किट बोर्डाची हवी, तांब्याचा थर खरवडून काढलेला.

अखंड चॅसीचं काम असं. मोटर, बोग्या, शाफ्ट सगळं काढा. चॅसी झिंकच्या मिश्रधातूची असते. मऊ असते पण कानशीत भरते, म्हणून कानशीला आधी खडू घासा. मध्यापासून दोन्हीकडे सारखं माप धरून कापायचा तुकडा आखा. कापताना चॅसी व्हाइसमध्ये लाकडी फळ्यांत धरा, नुसत्या जबड्यात धरली की झिंक तडकतं. सोनारी करवत सरळ रेषेत जात नाही, इथे बारीक दाताचा हॅक्सॉच बरा. दोन्ही कापलेली तोंडं सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून काटकोनात आणा. मग दोन्ही बाजूंना १.५ मिमी जाडीची, ४० मिमी लांबीची पितळी पट्टी. प्रत्येक बाजूला चार एम-२ स्क्रू, १.६ मिमीच्या ड्रिलने भोक पाडून आटे पाडलेले, आणि फटीत अराल्डाइट. नुसत्या अराल्डाइटवर विसंबू नका. अराल्डाइट सुकत असताना चॅसी काचेवर सपाट बांधून ठेवा. सांधा अर्ध्या मिलिमीटरने जरी वाकला तरी मधली चाकं रुळाला टेकणार नाहीत.

पितळी पट्टीसाठी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या मशीन शॉपच्या भंगारात हात घातला तरी काम होतं. ॲक्सल किंवा बुश लेथवर करून घ्यायचं असेल तर तोंडी सांगू नका. कागदावर मापं काढा, टॉलरन्स लिहा आणि जुना नग नमुना म्हणून सोबत न्या. तिथे रोज हायड्रॉलिकचे मोठे भाग होतात, दीड मिलिमीटरचं भोक ही त्यांच्यासाठी विनोदाची गोष्ट आहे. एका नगाऐवजी सहा नग सांगितले तर सेटिंगचा वेळ वसूल होतो आणि तुमचेही सुटे भाग राहतात.

आता शाफ्ट. मोटरपासून बोगीच्या वर्मपर्यंत (स्क्रूसारख्या गिअरपर्यंत) जाणारा शाफ्ट जितकी चॅसी कापली त्याच्या निम्म्याने दोन्हीकडे छोटा होतो. कप आणि गोळा अशा जातीचा असेल तर मधून कापून पितळी नळीत घालून जोडा, पण कपात गोळ्याला १ ते १.५ मिमी मागेपुढे सरकायला जागा ठेवा. ही जागा ठेवली नाही की गाडी सरळ रुळावर झकास चालते आणि वळणावर गुरगुरून थांबते, कारण बोगी फिरली की शाफ्टला लांबी बदलावी लागते. दोष मोटरचा वाटतो, असतो शाफ्टचा.

बॉडी बांधणं

बेळगावात सर्वात सहज मिळतं ते सनबोर्ड, फ्लेक्सच्या दुकानात कापून उरलेले तुकडे. ३ मिमी सनबोर्ड मॉकअपसाठी छान: अर्ध्या तासात बॉडीचा ठोकळा कापून चॅसीवर ठेवा, वळणावर फिरवा, चुका बघा. खरी बॉडी मात्र त्याची नको. कडा मऊ राहतात, मोटरच्या उबेने पोट सुटतं आणि पोकळ पेटीसारखा आवाज करतं. खरी बॉडी स्टायरिन शीटची: हूडच्या बाजू १ मिमी, छत ०.७५ चे दोन थर, दारं-जाळ्या ०.२५ ते ०.५. जोडायला एमईके (स्टायरिन विरघळवून जोडणारं द्रव), खिडकी उघडी ठेवून, ब्रशने फटीत सोडायचं. ते आपोआप आत ओढलं जातं, चोळायचं नाही. बाद झालेली एटीएम कार्डं ०.७६ मिमी जाडीची असतात आणि आतल्या फासळ्यांना उत्तम. पण ती पीव्हीसीची, त्यांना सुपरग्लू लावा.

थ्रीडी प्रिंटची बॉडी करणार असाल तर पीएलए टाळा. ते ५५-६० अंशांना नरमतं. एप्रिलमध्ये अथणी-गोकाककडच्या उन्हात बंद कारमध्ये मॉडेल ठेवलं की संध्याकाळी छताची घोड्याची पाठ झालेली दिसते. पीईटीजी ८० च्या आसपास तग धरतं.

आता जोडणी. बॉडी चॅसीवर चिकटवायची नाही, कधीच नाही. मोटर बदलायला, ब्रश साफ करायला ती निघालीच पाहिजे. फ्रेमच्या आत १.५ मिमी स्टायरिनचे दोन आडवे पूल घाला आणि चॅसी त्यांना खालून एम-२ स्क्रूने धरा. पुढे दोन स्क्रू, मागे एकच, मध्यभागी. चार कोपऱ्यांत चार स्क्रू कसले की चॅसीला बॉडीचा पीळ मिळतो आणि एक बोगी तिरकी उभी राहते. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, तेच इथे. चॅसी आणि बॉडीत दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिमी फट राहू द्या. रंगाचे थरच ०.१ ते ०.२ खातात, आणि रंगवण्याआधी 'फिट' बसलेली बॉडी रंगवल्यावर बसत नाही.

उंची जुळवायला पुलांखाली कागदी वॉशर घालत चला. एकदा जमलं की तेवढ्याच जाडीची स्टायरिन पट्टी लावा.

वळणावर बोगी किती फिरते

हे आधीच काढता येतं. समजा बोगी मध्य अंतर १२० मिमी आणि तुमचं सर्वात तीव्र वळण ४५७ मिमी त्रिज्येचं, म्हणजे १८ इंची. निम्मं अंतर ६० भागिले ४५७, कोन साडेसात अंश. बोगी मध्यापासून २४ मिमीवरचा टोकाचा ॲक्सल त्यामुळे बाजूला ३ मिमीच्या वर सरकतो. तेव्हा फ्रेमच्या आतली बाजू, पायऱ्या, इंधन टाकीची टोकं यांना चाकाच्या पलीकडे किमान साडेतीन मिमी मोकळीक हवी. आपल्या इंजिनाच्या पायऱ्या नेमक्या शेवटच्या चाकासमोर असतात आणि हमखास तिथेच घासतं. शोधायचं कसं? चाकाच्या कडेला लिपस्टिक किंवा स्केचपेनची शाई लावा, गाडी हाताने वळणावरून ढकला. जिथे डाग पडेल तिथे कानस.

बोगीच्या बाजू रेझिनच्या किंवा प्रिंटच्या घ्या, मूळ प्लॅस्टिकच्या बाजू कापून त्यांच्या जागी चिकटवा. पितळेच्या सुंदर दिसतात, पण एक कोपरा चाकाला टेकला की शॉर्ट. ट्रायमाउंटची असमान अंतरं तुमच्या चॅसीच्या ॲक्सलशी जुळत नसतील तर एक्सल बॉक्स चाकासमोरच ठेवा आणि मधली स्प्रिंग थोडी आखूड करा. नजर चाकाचा मध्य आणि एक्सल बॉक्स एका रेषेत आहेत का ते बघते, स्प्रिंग मोजत नाही.

कपलर (डबे जोडणारे आकडे) केडी कंपनीचे असतील तर त्यांच्या मध्याची उंची रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिमी. आपल्या कपलरची खरी उंची ८७ ने भागली तर बारा-साडेबारा मिमी येते. म्हणजे प्रमाणशीर लावलं तर विकतच्या डब्यांना ते जुळणार नाही. सगळा ताफा घरचाच बांधणार असाल तर खरी उंची धरा, नाहीतर ९.९. निम्मे असे, निम्मे तसे केले की घाटात गाडी सुटते.

वजन आणि घाट

इंजिन किती ओढेल हे मोटरपेक्षा वजनावर ठरतं. चाकं सगळी चालती असतील तर ओढ वजनाच्या पाचव्या भागाच्या आसपास धरा. ३०० ग्रॅमच्या इंजिनाची ओढ साधारण ६० ग्रॅम. आता कॅसलरॉक ते कुळे घाट मॉडेलमध्ये घ्यायचा म्हणा. खरा चढ ३७ ला १, म्हणजे मॉडेलच्या प्रत्येक मीटरला २७ मिमी. इंजिनाला स्वतःला वर न्यायलाच ८ ग्रॅम जातात. ६० ग्रॅमचा प्रत्येक डबा चढ आणि घर्षण मिळून सव्वातीन ग्रॅम मागतो. उरलेल्या ५२ मध्ये कागदावर सोळा डबे बसतात, पण वळणांचं घर्षण धरलं की आठ-दहावर थांबा. खऱ्या घाटात मागून बँकर इंजिन लावतात ते उगाच नाही.

वजन वाढवायला शिसं: मासेमारीच्या गळाची, टायरवाल्याकडची जुनी बॅलन्सिंगची वजनं. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा, आणि हे काम स्वयंपाकघरात नको. शिसं फेविकॉलने कधीच चिकटवू नका. त्यातल्या आम्लाने शिशावर पांढरा क्षार चढतो, तो फुगतो, आणि वर्ष-दीड वर्षाने बॉडीच्या बाजू आतून फुटतात. अराल्डाइट किंवा सिलिकॉन वापरा. वजन दोन्ही बोग्यांवर सारखं पडतंय का ते बॉडी बंद करून पेन्सिलीवर आडवी तोलून बघा. तोल मध्यापासून ५ मिमीच्या आत यायला हवा.

किती वजन घालायचं याची मर्यादा मोटर सांगते. १२ व्होल्टवर इंजिन हाताने अडवा. चाकं जागच्या जागी फिरली पाहिजेत. चाकं थांबून मोटर गुणगुणू लागली तर वजन जास्त झालं, काढा. ही परीक्षा दोन सेकंदांत उरका.

वायरिंगबद्दल थोडकंच. सगळ्या चाकांवरून करंट घ्या, फक्त चालत्या नव्हे. तारा मऊ आणि बारीक, बोगी फिरेल एवढी ढील देऊन. डाग देताना २५ वॅटचं आयर्न, मोटरच्या टॅगवर दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही, नाहीतर ब्रशचं प्लॅस्टिक वितळतं. उजव्या रुळाला धन दिल्यावर गाडी पुढे जायला हवी. मागे गेली तर मोटरच्या दोन तारा अदलाबदल करा. कोअरलेस मोटर असेल तर स्वस्तातला, कमी फ्रीक्वेन्सीचा पीडब्ल्यूएम (वीज तुटक झटक्यांनी देणारा) कंट्रोलर वापरू नका. ती गरम होऊन जाते आणि आधी काही इशाराही देत नाही.

लहान गाड्या, आणि मीटर गेज

पहिलंच काम असेल तर सहा ॲक्सलचं डिझेल घेऊ नका. दोन बोग्यांची रेलकार घ्या, एका टोकाखाली पॉवर बोगी, दुसरीकडे साधी. टेनशोडोच्या पॉवर बोग्या २६, ३१, ३५ मिमी अशा ॲक्सल अंतरांत येतात. खऱ्या बोगीचं माप ८७ ने भागून जवळची उचला. वजनाचा दोन तृतीयांश भाग चालत्या बोगीवर हवा, आणि ती बोगी मागेपुढे डोलू शकेल पण बाजूला कलंडणार नाही अशी बसवा. साधी बोगी मात्र दोन्हीकडे डोलू द्या.

इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रोजेक्टसाठी मिळणाऱ्या एन-२० गिअर मोटरवरही गाडी होते. १२ बाय १० मिमीची ती पेटी एचओ हूडमध्ये मावते. वेग असा निवडा: ताशी ६० किमी म्हणजे मॉडेलमध्ये सेकंदाला १९२ मिमी. १२.५ मिमी चाकाचा परीघ ३९, म्हणजे मिनिटाला सुमारे ३०० फेरे. ३०० आरपीएमची मोटर थेट ॲक्सलला जोडली की शंटिंग इंजिनाला नेमका वेग. पिवळ्या मोठ्या गिअर मोटरी इथे नकोत, त्या बागेतल्या ४५ मिमी गेजच्या गाड्यांना.

मिरज-लोंढा मार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटर गेज होता. घटप्रभा, पाच्छापूर, देसूर त्या रूपात करायचं असेल तर १:१२० प्रमाण आणि ९ मिमीचे एन गेज रूळ घ्या. १२० ने गुणलं की १०८० मिमी, मीटरच्या पुरेसं जवळ. वायडीएम-४ या मीटर गेज डिझेलची लांबी १५.६ मीटर, मॉडेल १३० मिमी. एन गेजची एसडी-४०-२ १३१ मिमी. लांबी अशी जुळते की मोह आवरत नाही. पण वायडीएम-४ चं चाक ९६५ मिमी, म्हणजे ८ मिमी हवं, आणि एन गेजचं ४० इंची चाक ६.४ असतं. दीडच्या वरचा फरक, डोळ्याला टोचतो. चाकं बदलली तर गिअरची खोली आणि बोगीची उंची दोन्ही वाढतात. म्हणून चाक तेच ठेवून बोगीच्या बाजू अर्धा मिमी खाली उतरवा आणि ब्रेकचे दांडे, सँड पाइप चाकाच्या कडेपर्यंत आणा, म्हणजे मोकळी जागा दिसत नाही. बोगी मध्य मात्र वायडीएम-४ च्या डायग्रामवरून तपासूनच चॅसी घ्या. एसडी-४०-२ चं एनमधलं अंतर ८२.९ मिमी आहे, आणि ही चिरलेल्या जातीची चॅसी असल्याने ती कापायची झाली तर वरची फायबरग्लास पट्टीची गोष्ट इथे लागू.

खानापूरकडे जून ते सप्टेंबर लेआउट उघडा असेल तर रुळांवर आणि चाकांवर हिरवट-काळा थर चढतो. चाकं स्पिरिटने पुसा, पॉलिश पेपरने घासू नका. ओरखड्यांत धूळ अडकते आणि पुढच्या आठवड्यात इंजिन पुन्हा झटके देत चालतं.